भेरली माड कुणाचा?

सोसायटीच्या बागेतल्या झाडांना नावांच्या पाट्या लावायच्या असं सभेत ठरलं, तेव्हा वड, आंबा, बहावा अशी सरळ मंडळी भराभर वाटली गेली. शेवटी पाम उरले. ‘‘तुम्ही गुहागरकडच्या ना? मग माडांचं तुम्हीच बघा,’’ सेक्रेटरी म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. कोकणात जन्मलेल्या माणसाला आंब्यातलं, माशातलं आणि माडातलं सगळं कळतं असा पुण्यात एक जुना समज आहे, आणि आम्हीही तो कधी खोडून काढत नाही. मला माडाचं कळत होतं ते एवढंच: झावळी केव्हा गळणार, पोय कधी फुटणार, हीर कसे सोलायचे, पोफळीच्या विरीचं काय काय करता येतं. लॅटिनशी संबंध आला नव्हता.

शेजारच्या इमारतीत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. माझी यादी त्यांनी चष्मा वर करून वाचली. नारळ, सुपारी, शिंदी, भेरली माड, चायनीज फॅन पाम, बॉटल पाम, फॉक्सटेल, ॲरेका पाम, सॅगो पाम, ट्रॅव्हलर्स पाम. ‘‘कुलाच्या जागी सगळ्यांपुढे एकच नाव येणार,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग पाटी वाचणाऱ्याला वेगळं काय कळणार? उपकुल लिहा. पाचच आहेत.’’

‘पाचच’ ऐकून मला धीर आला. तो फार टिकला नाही.

पहिली अडचण उपकुलाच्याही वरची निघाली. एका पुस्तकात कुलाचं नाव ‘पामी’, दुसऱ्यात ‘ॲरेकेसी’. त्यातलं एक चूक असणार म्हणून मी खोडायला निघाले, तर बाई म्हणाल्या, दोन्ही बरोबर. वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्याप्रमाणे कुलाचं नाव त्या कुलातल्या एका प्रजातीवरून घ्यायचं आणि त्याला ‘एसी’ हा शेवट जोडायचा. सुपारीची प्रजाती ‘ॲरेका’, म्हणून ॲरेकेसी. पण आठ कुलांची जुनी नावं इतकी रुळलेली होती की त्यांना सूट दिली गेली. गवतांचं ग्रॅमिनी, मोहरीचं क्रुसिफेरी, तुळशीचं लॅबिएटी, झेंडूचं कंपॉझिटी ही त्यातलीच, आणि पामी त्यांच्यात. गंमत म्हणजे ही सूट कुलापाशीच थांबते. वर हौसेने पामी लिहा, पण सुपारी ज्या उपकुलात आहे त्याला ॲरेकॉइडीच म्हणावं लागतं. तिथे पामीवरून काही बनवायची मुभा नाही.

मग शेवटांचं प्रकरण. उपकुलाला ‘ऑइडी’. उपकुलाच्या पोटात ट्राइब, तिला ‘ई’. तिच्या पोटात सबट्राइब, तिला ‘इनी’. इंग्रजी लिपीत हे शेवट निदान डोळ्यांना वेगळे दिसतात. देवनागरीत आणले की सुपारीची ट्राइब ‘ॲरेसीई’ होते आणि अळूचं कुल ‘ॲरेसी’. एका दीर्घ ईच्या फरकावर सुपारी आणि अळू उभे! ट्राइब पाटीवर लिहायची नाही हा निर्णय मी तिथेच घेतला आणि आजही तो मला शहाणपणाचा वाटतो.

आता वाटणी. मी ती माझ्या पद्धतीने घरीच करून नेली होती. ज्यांची पानं पिसासारखी, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाती असलेली, ते एकीकडे: नारळ, सुपारी, शिंदी. ज्यांची पानं पंख्यासारखी ते दुसरीकडे: ताड आणि तो चायनीज फॅन पाम. भेरली माडाचं पान दोन्हींसारखं नाही. दांड्याला फांद्या, फांद्यांना माशाच्या शेपटीसारखी तिरकी कापलेली पाती. म्हणून तो मी तात्पुरता बाजूला ठेवला. एकंदरीत मला वाटणी पटली होती. शिंदीला काटे असले म्हणून काय झालं, लांबून तिची झावळी माडासारखीच दिसते.

बाई काही बोलल्या नाहीत. नाल्याच्या कडेला बांधकामाच्या आधीपासून उभी असलेली एक शिंदी आहे, तिथे मला घेऊन गेल्या. खालची झावळी हातात धरून म्हणाल्या, ‘‘एक पाती बघा. घडी कुठे उघडते?’’ मधल्या शिरेवर पाती दुमडलेली होती आणि दोन्ही कडा वर उचललेल्या. पाऊस पडला तर घडीत पाणी धरेल अशी. मग आम्ही माडापाशी आलो. त्याच्या पातीची घडी नेमकी उलटी. शीर वर, कडा खाली उतरलेल्या, पाणी दोन्हीकडून ओघळून जाईल. आयुष्यभर झावळ्या ओढल्या, हीर सोलले, त्यांचे झाडू बांधले, पण ही घडी कधी नजरेला पडली नव्हती. त्यानंतर फॅन पाम. पंख्याच्या प्रत्येक घडीची टोकं वर उघडी, शिंदीसारखीच.

म्हणजे शिंदी माडाची कुणी नाही, ताडाची आहे. शिंदी, खजूर, ताड, फॅन पाम हे सगळे कोरिफॉइडी या उपकुलातले. पान पिसासारखं की पंख्यासारखं, याला या वाटणीत फारसा मान नाही. पाती कशी दुमडते याला आहे. शिंदीच्या झावळीच्या बुडाशी जे काटे असतात, ती मुळात पातीच आहेत, आखडून काटे झालेली. हेही त्याच दिवशी कळलं, आणि लहानपणी त्यांनी जे ओरखडे काढले होते ते पानांनी काढले होते असं म्हणायला मी मोकळी झाले.

आता भेरली माड. आमच्याकडे लग्नाच्या मांडवाला त्याची झावळी लावायची पद्धत होती, म्हणून त्याच्याविषयी मला आपलेपणा आहे. त्याची पाती पाहिली तर घडी वर उघडी. कोरिफॉइडी. मी वहीत लिहून मोकळी झाले. पण सोसायटीतला हा भेरली माड तेव्हा फुलला होता. फुलांच्या लांब लडी खाली लोंबत होत्या, आणि माळीदादांनी आधीच सांगून ठेवलं होतं की हा आता वरून खाली फुलत जाईल आणि मग मरेल. ते खरं आहे. भेरली माडाचा पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, नंतरचे एकेक करून खाली, आणि सगळे संपले की झाड संपतं. बाईंनी एक लड ओढून घेतली आणि फुलांची मांडणी दाखवली. तीन-तीनचे गट. मधे मादी फूल, दोन्ही बाजूंना नर. ‘‘आता नारळाची बघून या,’’ त्या म्हणाल्या.

नारळाची पोय बघायला खाली उभं राहून मान मोडून घ्यावी लागते, पण आमच्या सोसायटीतला एक माड दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला टेकला आहे. तिथे चहा घेता घेता पाहता आलं. फुलोऱ्याच्या काडीच्या बुडाशी सुपारीएवढं मादी फूल, आणि त्याच्या दोन बाजूंना बारीकशी नर फुलं. तोच तीनचा गट. काडीच्या टोकाकडे नुसती नर फुलं, खाली भुसा पडतो ती. तीनचे गट ही ॲरेकॉइडी उपकुलाची ओळख.

म्हणजे भेरली माडाचं पान कोरिफॉइडी म्हणत होतं आणि फूल ॲरेकॉइडी. मी बाईंकडे रागानेच पाहिलं असेन. त्या हसल्या. हा घोळ माझ्या एकटीचा नव्हता. पामांच्या वर्गीकरणाचा आधारग्रंथ ‘जेनेरा पामारम’. त्याची पहिली आवृत्ती नॅटली ऊल आणि जॉन ड्रॅन्सफिल्ड यांनी १९८७ साली काढली, तेव्हा फुलांकडे पाहून भेरली माडाला ॲरेकॉइडीत, म्हणजे नारळ-सुपारीच्या शेजारी, बसवलं होतं. पुढे डीएनएचा पुरावा हाती आला आणि २००५ साली ड्रॅन्सफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी वाटणी मांडली, तीत तो कोरिफॉइडीत गेला. पानाचं म्हणणं खरं ठरलं. तीनचे गट पामांमध्ये एकदाच घडले नाहीत, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडले. नवशिक्या माणसाला हे फार अवघड जातं. एक खूण शिकावी, तिच्यावर भरवसा ठेवावा आणि मग ती खूण दोन वेगळ्या ठिकाणी आपापली उगवलेली निघावी!

पण माझा खरा गोंधळ याहून वेगळा होता. तो नावाचा होता. शिंदी, ताड, खजूर, भेरली माड एका उपकुलात, हे मी मान्य केलं. पण त्या उपकुलाचं नाव कोरिफॉइडी का? ज्या कोरिफा प्रजातीवरून ते आलं, तिचं एकही झाड मी पाहिलेलं नव्हतं. ताड कोट्यवधी माणसांच्या ओळखीचा, खजूर तर त्याहून. मग बोरॅसॉइडी किंवा फीनिकॉइडी का नाही? आणि जुनी पुस्तकं चाळताना ती नावंही भेटायला लागली. बोरॅसॉइडी, फीनिकॉइडी, कॅरियोटॉइडी, शिवाय नारळाचं कोकोसॉइडी. हॅरल्ड मूर या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली पामांचे पंधरा मोठे गट पाडले होते, त्यात ही मंडळी वेगवेगळी नांदत होती. १९८७ मध्ये सहा उपकुलं झाली, २००५ मध्ये पाच. मधलं सहावं फायटेलेफॅन्टॉइडी, ज्याच्या बियांना वनस्पतिज हस्तिदंत म्हणतात आणि ज्यांची बटणं करत, ते सेरोझायलॉइडीत एक ट्राइब होऊन बसलं. मी वहीत बाण काढत गेले आणि शेवटी पान वाचता येईना.

बाईंनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं नवशिक्याला ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी. कोण कुणाचं, हा एक प्रश्न. त्या घोळक्याला काय म्हणायचं, हा दुसरा. पहिला प्रश्न झाडं सोडवतात: पातीची घडी, फुलांची मांडणी, फळाची साल, हल्ली डीएनए. दुसरा नियमावली सोडवते, आणि तिला झाडाचा मोठेपणा, उपयोग, प्रसिद्धी यांच्याशी काही देणंघेणं नसतं. प्रत्येक नाव एका आदर्श प्रजातीला बांधलेलं असतं. ती प्रजाती ज्या गटात जाईल तिथे ते नाव जातं. दोन गट एक झाले की नाव कुणाचं राहणार, हे साधारणपणे आधी प्रसिद्ध कोण झालं यावर ठरतं. आमच्या गावी भावाभावांत वाटण्या होतात, तेव्हा देव ज्याच्या वाट्याला येतो त्याचं घर ‘मूळ घर’ ठरतं, मग ते सगळ्यांत लहान का असेना. कोरिफा हे त्या उपकुलाचं मूळ घर. ताड आणि खजूर मोठे झाले, गावभर नाव झालं, पण देव कोरिफाकडे.

हे एकदा ध्यानात आलं आणि वहीतले बाण सुटायला लागले. बोरॅसॉइडी नाहीशी झाली नाही, तिचा दर्जा खाली आला: आता ती बोरॅसीई ही ट्राइब आहे, ताड आणि त्याचे सोयरे तिच्यात आहेत. फीनिकॉइडीची फीनिसीई झाली, कॅरियोटॉइडीची कॅरियोटीई. नारळाच्या ट्राइबचं नाव काही पुस्तकांत ‘कोकोई’ आणि नंतरच्या पुस्तकांत ‘कोकोसीई’ असं आढळतं. तिथे मी खोलात शिरले नाही.

कोरिफा मात्र पाहायची इच्छा झाली. आमच्या कोकणाच्या खाली, उत्तर कन्नडच्या जंगलांत आणि केरळात हा तालिपोट पाम वाढतो. त्याचं एक पान पाच मीटर रुंद होऊ शकतं. जुन्या पोथ्या त्याच्या पानांवरही लिहिल्या जात. हे झाड तीस ते ऐंशी वर्षं नुसतं वाढतं, मग शेंड्यावर एकदाच प्रचंड फुलोरा काढतं, फळं पिकवतं आणि मरतं. झाडांच्या फांदीदार फुलोऱ्यांत याच्याहून मोठा कुणाचा नाही. घराचं नाव याच्याकडे आहे हे मला आता खटकत नाही.

बोरॅसीईच्या वाटेवर एक गोव्याचा माणूस भेटला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर, दीव-दमणकडे फांद्या फुटणारा एक ताड आहे. खोड दुभंगतं, प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते. पामांना सहसा फांद्या नसतात, त्यामुळे बघणारा थबकतो. लोक त्याला रावण ताड म्हणतात. १८३९ साली जॉन ग्रॅहॅम यांची मुंबईच्या वनस्पतींची यादी निघाली, तीत तो ताडाच्या प्रजातीत, ‘बोरॅसस डायकॉटोमस’ म्हणून आला. पुढे इटालियन अभ्यासक बेक्कारी यांनी त्याला आफ्रिकेतल्या दूम पामच्या प्रजातीत ठेवून ‘हायफीनी इंडिका’ असं नवंच नाव दिलं. प्रजाती त्यांची बरोबर होती. पण जातीचं आधीचं नाव हाताशी असताना नवं देता येत नाही. ते जुनं नाव नव्या प्रजातीला जोडून ‘हायफीनी डायकॉटोमा’ करण्याचं काम कायतान फुर्तादो यांनी केलं. ते गोव्यात जन्मले, सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात आयुष्य घालवलं, आणि पाम व नामकरणाचे नियम या दोन्हींत त्यांचा हात धरणारे थोडे होते. कोण कुणाचं आणि कुणाला काय म्हणायचं, हे दोन प्रश्न एकाच झाडावर वेगवेगळ्या माणसांनी सोडवलेले मला इथे दिसले, म्हणून हे उदाहरण माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

बागेतली बाकीची झाडं त्यामानाने लवकर आवरली. जिला आपण सर्रास बॉटल पाम म्हणतो, ती फाटकाजवळची गुळगुळीत राखी खोडांची रांग रॉयल पामची, मूळची क्यूबा-फ्लोरिडाकडची. खरा बॉटल पाम मॉरिशसजवळच्या बेटावरचा, बुटका, बुडाशी फुगलेला. दोघेही ॲरेकॉइडी. फॉक्सटेल ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा. शास्त्राला त्याची ओळख १९८३ मध्ये झाली आणि आज आपल्या प्रत्येक नर्सरीत तो आहे. तोही ॲरेकॉइडी. कुंड्यांमध्ये जो ‘ॲरेका पाम’ म्हणून खपतो तो ॲरेका नाही. तो मादागास्करचा. त्याचं नाव आधी ‘क्रायसॅलिडोकार्पस ल्युटेसेन्स’ होतं, १९९५ मध्ये ‘डिप्सिस ल्युटेसेन्स’ झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा क्रायसॅलिडोकार्पस. प्रजाती अशी येरझारा घालत होती तेव्हा उपकुल जागचं हललं नाही. पाटीवर उपकुल लिहायला सांगणाऱ्या बाईंचा हिशोब मला तेव्हा कळला.

यादीतले शेवटचे दोघे पामच नव्हते. ट्रॅव्हलर्स पाम हा केळीच्या नात्यातला, बर्ड ऑफ पॅरडाइजच्या कुलातला. आणि सॅगो पाम म्हणजे सायकस, ज्याला फूलच येत नाही, त्याचा पामांशी संबंध पाइन आणि देवदाराइतका दूरचा. सेक्रेटरींना हे पटेना. त्यांना मी सांगितलं की १७५३ साली खुद्द लिनियसने सायकसला पामांतच घातलं होतं. उलट वेत हा खराखुरा पाम असून त्याला केसरांची संख्या मोजून दुसऱ्याच वर्गात टाकलं होतं. त्यांनी मग पाट्यांचा खर्च मंजूर केला.

वेताचं उपकुल कॅलॅमॉइडी. सोसायटीत वेत नाही, सह्याद्रीत आहे. आकड्यांनी झाडांवर चढतो, फळावर एकावर एक बसलेले खवले असतात. तेवढ्या खवल्यांवरून उपकुल ओळखता येतं. उरलेल्या दोन उपकुलांपैकी निपॉइडीने मला सर्वांत जास्त सतावलं. त्यात एकच जाती आहे: निपा, खाडीच्या चिखलात वाढणारा, ज्याचं खोड चिखलातच आडवं पसरतं आणि वर फक्त झावळ्या दिसतात. सुंदरबनात त्याला गोलपाता म्हणतात. अंदमानातही तो आहे. एकट्या झाडासाठी अख्खं उपकुल! पण त्याची शाखा इतरांपासून फार आधी वेगळी झाली. वेतांच्या लगेच पुढची. छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान इथे, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये निपाची दगड झालेली फळं सापडली आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. खाडीत राहणारं हे झाड तेव्हा आजच्या कोरड्या मध्य भारतात होतं. हे वाचल्यावर त्याला स्वतंत्र घर देण्याबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतली.

राहिली सेरोझायलॉइडी. तिचं मूळ घर अँडीज पर्वतात. कोलंबियाचा राष्ट्रवृक्ष असलेला, साठ मीटरपर्यंत जाणारा मेणाचा पाम तिथला. ते झाड पुण्यात येणार नाही. पण नर्सरीत ‘मॅजेस्टी पाम, इनडोअर’ अशी चिठ्ठी लावलेली एक कुंडी दिसली. रॅव्हेनिया, मादागास्करची, सेरोझायलॉइडीतली. मी ती घेऊन आले, सभेची परवानगी न घेता. माळीदादांनी ती क्लबहाउसच्या सावलीत ठेवली, माझी पाटी तिच्यात खोचली, ‘सेरोझायलॉइडी’ दोनदा अडखळत वाचलं आणि विचारलं, ‘‘काकू, ते असू दे. हिला पाणी किती घालू?’’

‘‘नदीकाठची आहे,’’ मी म्हणाले. ‘‘भरपूर घाला.’’